खाद्यात साल्मोनेला निघाला, आता कोणते औषध टाकू?

प्रश्न थोडक्यात असा आहे. दहा हजार पक्ष्यांचा लेअर (अंड्यांच्या कोंबड्यांचा) फार्म, स्वतःचा एक टनाचा मिक्सर, खाद्य मॅश (कोरडी भरड) स्वरूपात, बॉयलर नाही. फॉर्म्युल्यात मका, सोया डीओसी (तेल काढलेली पेंड), राईस ब्रान डीओसी, ३ टक्के मीट बोन मील (मांस-हाडांची भुकटी) आणि मार्बल (कॅल्शियमसाठी दगडाचा भुगा). पावसाळ्यात तयार खाद्याचा नमुना तपासायला दिला. अहवालात २५ ग्रॅममध्ये साल्मोनेला (विष्ठेतून पसरणारा रोगजंतू) 'आढळला' असा शेरा आला. ई. कोलायही निघाला, आणि तो एन्रोफ्लॉक्सासिन, टेट्रासायक्लीन व अँपिसिलिन या तिघांनाही दाद देत नाही. आता खाद्यात कोणते अँटिबायोटिक, किती दिवस टाकावे?

कोणतेही टाकू नका. खाद्य दूषित होणे हा पाणी, धूळ, उंदीर आणि कच्चा माल यांचा प्रश्न आहे, आणि तो तिथेच सोडवावा लागतो. औषधाने खाद्य स्वच्छ होत नाही. औषध टाकल्याने एवढेच होते की खाद्यातून पक्ष्याच्या आतड्यात गेलेल्या जिवाणूंपैकी जे आधीच निर्ढावलेले आहेत त्यांना मोकळे रान मिळते.

हे का, ते नीट समजून घ्या, कारण गावोगावच्या प्लांटमध्ये उलटा समज रुजलेला आहे. कोरड्या खाद्यात ओलावा १० ते १२ टक्के असतो. साल्मोनेलाला वाढायला जेवढे मोकळे पाणी लागते, तेवढे या ओलाव्यात मिळत नाही. तो वाढत नाही, पण मरतही नाही. महिनोन् महिने निपचित पडून राहतो. बहुतेक अँटिबायोटिके जिवाणू वाढत आणि विभागत असताना त्याच्यावर काम करतात. निपचित जिवाणूशेजारी कोरडी पावडर पडून असली तर त्याला काहीही होत नाही.

दुसरी गोष्ट, बीएमडी (बॅसिट्रासिन), टायलोसिन, व्हर्जिनियामायसिन ही खाद्यात नेहमी पडणारी औषधे ग्रॅम-पॉझिटिव्ह जिवाणूंवर, मुख्यतः क्लोस्ट्रिडियमवर चालतात. साल्मोनेला आणि ई. कोलाय ग्रॅम-निगेटिव्ह आहेत. त्यांच्या बाहेरच्या आवरणातून ही औषधे आत शिरतच नाहीत. म्हणजे वर्षानुवर्षे बीएमडी टाकणाऱ्या प्लांटला साल्मोनेलापासून त्या बीएमडीने एक दिवसही संरक्षण दिलेले नाही.

राहिली ग्रॅम-निगेटिव्हवर चालणारी औषधे. एन्रो (एन्रोफ्लॉक्सासिन) आणि टेट्रासायक्लीन गटाचे उत्तर तुमच्याच अहवालात आहे. कोलिस्टिनवर केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने १९ जुलै २०१९ च्या अधिसूचनेने बंदी घातली आहे. अन्नासाठी पाळलेले प्राणी, पोल्ट्री, मत्स्यपालन आणि पशुखाद्य पूरके या सगळ्यांसाठी त्याची निर्मिती, विक्री व वितरण बंद आहे. ही बंदी योग्य आहे. माणसाच्या अतिदक्षता विभागात इतर औषधे हरली की डॉक्टरांच्या हातात जी थोडी औषधे उरतात, त्यांत कोलिस्टिन आहे. २०१५ मध्ये चीनमध्ये एमसीआर-१ हे जनुक सापडले. ते कोलिस्टिनला दाद न देण्याचा गुण एका जिवाणूकडून दुसऱ्याकडे प्लाझमिड या डीएनएच्या सुट्या कड्यावरून पोचवते. हा गुण पिढीतून पिढीत उतरण्याची वाट बघत नाही, ई. कोलायकडून शेजारच्या साल्मोनेलाकडे एकाच आतड्यात जाऊ शकतो. कोणी आजही जुना साठा किंवा बिनलेबलचा डबा 'ग्रोथ'साठी म्हणून देत असेल तर घेऊ नका.

आता मात्रेचा मुद्दा. रेझिस्टन्स (जिवाणूने औषधाला दाद न देणे) घडवण्यासाठी औषधाची पूर्ण मात्रा लागत नाही. जिवाणूची वाढ थांबवणाऱ्या मात्रेच्या कितीतरी पट खालच्या पातळीवरही निर्ढावलेला जिवाणू साध्या जिवाणूवर मात करतो. आणि अशी अर्धवट पातळी प्लांटमध्ये नकळत तयार होते. समजा आजारी शेडसाठी सीटीसी (क्लोरटेट्रासायक्लीन) १५ टक्के प्रीमिक्स टनाला ३ किलो टाकले. खाद्यात ४५० पीपीएम (दहा लाखांत ४५० भाग) झाले. मिक्सरच्या कोपऱ्यात, स्क्रूमध्ये आणि एलिव्हेटरच्या बुटात (तळाच्या खोक्यात) मिळून ३ टक्के माल अडकून राहिला, तर पुढच्या 'बिनऔषधी' बॅचमध्ये साडेतेरा पीपीएम जाते आणि त्याच्या पुढच्या बॅचमध्ये सुमारे ०.४ पीपीएम. निरोगी शेडमधल्या कोंबड्या ते खातात आणि त्यांची अंडी बाजारात जातात. लेअरच्या खाद्यात कॅल्शियम चार टक्क्यांच्या आसपास असते. टेट्रासायक्लीन त्याच्याशी बांधले जाते आणि आतड्यातून रक्तात कमीच उतरते. रोगाच्या जागी मात्रा पोचत नाही, आणि आतड्यातले जिवाणू मात्र रोज त्या औषधाशी ओळख वाढवत राहतात.

मिक्सरमध्ये अडकून राहण्याचा आणखी एक धोका आहे, आणि तो थेट जिवावर बेततो. पिल्लांच्या खाद्यात कॉक्सीसाठी (आतड्यातल्या परजीवीच्या रोगासाठी) सॅलिनोमायसिन किंवा मोनेन्सिन असते. त्याच काळात मायकोप्लाझ्मा या श्वसनरोगाच्या जिवाणूसाठी टियामुलिन दिले गेले तर टियामुलिन यकृतातले त्यांचे विघटन रोखते. पक्षी पायांतून जातात आणि मरतात. म्हणून औषधी बॅचनंतर किमान ५० ते १०० किलो भरडलेला मका पूर्ण लाइनमधून फिरवा. तो वेगळ्या गोणीत भरून ठेवा, गोणीवर औषधाचे नाव लिहा आणि तेच औषध पुन्हा लागेल तेव्हाच वापरा. पिल्लांचे, मोठ्या पक्ष्यांचे आणि औषधी खाद्य बनवण्याचा क्रम भिंतीवर लिहून ठेवा.

अहवाल कसा वाचायचा

खाद्यातला ई. कोलाय 'रेझिस्टंट' निघाला म्हणजे तुमच्या पक्ष्यांना त्याच ई. कोलायचा आजार झाला आहे असे नाही. खाद्याच्या अहवालावरून कळपाला औषध द्यायचे नसते. तो अहवाल सांगतो की विष्ठेशी संबंध आलेली काहीतरी गोष्ट खाद्यात शिरली आहे, आणि ती ज्या जनावरांकडून किंवा पक्ष्यांकडून आली तिथे अँटिबायोटिकचा मारा चालू आहे.

यादीत पेनिसिलिन जी, टायलोसिन, एरिथ्रोमायसिन, बॅसिट्रासिन यांच्यापुढे 'आर' (रेझिस्टंट) असेल तर तो मोजू नका. ई. कोलाय आणि साल्मोनेला जन्मतःच त्यांना दाद देत नाहीत. तिथे नवा रेझिस्टन्स तयार झालेला नाही. अशा औषधांची भर घालून अहवालात 'बारापैकी नऊ रेझिस्टंट' असे आकडे येतात आणि विनाकारण घबराट होते. उलट बाजूही आहे. साल्मोनेलासमोर जेंटामायसिन, नियोमायसिन किंवा पहिल्या-दुसऱ्या पिढीचे सेफॅलोस्पोरिन 'एस' (औषध चालते) दिसले तरी ते फसवे असते. बशीत चालणारी ही औषधे शरीरात साल्मोनेलावर चालत नाहीत. नियोमायसिन तर तोंडावाटे दिले की आतड्यातून जवळजवळ शोषलेच जात नाही.

कोलिस्टिनसमोर डिस्कच्या पद्धतीने (औषधाची चकती ठेवून भोवतीचे जिवाणू न वाढलेले वर्तुळ मोजून) 'एस' किंवा 'आर' लिहिले असेल तर त्यावर विश्वास ठेवू नका. कोलिस्टिनचा रेणू मोठा असतो, आगारमध्ये नीट पसरत नाही, आणि वर्तुळ मोजून काढलेला निष्कर्ष चुकतो. त्यासाठी ब्रॉथ मायक्रोडायल्युशन (द्रवात औषध पातळ करत जाऊन चाचणी) करून एमआयसी, म्हणजे वाढ थांबवणारी किमान मात्रा, काढावा लागतो. बाकी औषधांच्या डिस्क चाचणीत म्युलर-हिंटन आगार, ०.५ मॅकफार्लंड गढूळपणाचे द्रावण आणि सोबत एटीसीसी २५९२२ हा ई. कोलायचा नियंत्रण नमुना लावला होता का, एवढे प्रयोगशाळेला विचारा. नियंत्रण लावले नसेल तर त्या 'आर' आणि 'एस'ला अर्थ नाही. सेफोटॅक्झिम किंवा सेफ्टाझिडिमला रेझिस्टन्स दिसला तर ईएसबीएल (अशी औषधे निकामी करणारे जिवाणूचे एन्झाइम) चाचणी करून घ्या. क्लॅव्ह्युलॅनिक ॲसिड घातल्यावर वर्तुळ ५ मिलिमीटर किंवा जास्त वाढले तर ईएसबीएल आहे, आणि प्लांटमध्ये काम करणाऱ्यांच्या आरोग्याच्या दृष्टीने ती खरी गंभीर बातमी असते.

साल्मोनेलाचा सेरोव्हार (उपप्रकार) कोणता, हे तुमच्या अहवालात नाही. ते मागवा. कोंबडीला फाउल टायफॉइड करणारा गॅलिनॅरम सहसा खाद्यातून येत नाही. तो वाहक पक्षी, मेलेल्या कोंबड्या, उंदीर आणि लाल गोचीड यांच्यामार्फत फिरतो. खाद्यातून येतात ते एन्टेरिटिडिस, टायफिम्युरियम, सेन्फ्टेनबर्ग, अगोना असे अनेक. पक्षी दिसायला ठणठणीत राहतो आणि त्रास अंडे-चिकन खाणाऱ्या माणसाला होतो. प्रयोगशाळेने फक्त एमएसआरव्ही माध्यम वापरले असेल तर आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. ते माध्यम हालचाल करणारे जिवाणू पसरतात यावर चालते. गॅलिनॅरम आणि पुलोरम हलत नाहीत, त्यामुळे ते तिथे दिसतच नाहीत. मरतूक असेल आणि टायफॉइडचा संशय असेल तर खाद्य नव्हे, ताजा मेलेला पक्षी द्या. यकृत आणि अस्थिमज्जेतून कल्चर करायला सांगा.

शिरकाव कुठून होतो

कच्च्या मालात पहिला संशय मीट बोन मील आणि सुक्या मासळीवर घ्या. १९७० च्या सुमारास पेरूमधून निघालेल्या फिशमीलसोबत साल्मोनेला अगोना अमेरिका, ब्रिटन, नेदरलँड्स आणि इस्राएल अशा अनेक देशांत पोचला. तिथल्या कोंबड्यांत आणि मग माणसांत तो कायमचा बसला. एका घटकाने एवढे केले. आपल्याकडचा मीट मीलचा धंदा लहान-मोठ्या कढयांवर चालतो. शिजवताना जिवाणू मरतात, पण थंड करण्याच्या फरशीवर, कच्च्या मांसाच्या त्याच फावड्याने आणि त्याच बारदानात ते पुन्हा येतात. वर हा माल ज्या प्राण्यांचा असतो, त्यांना दिलेल्या औषधांना सरावलेले जिवाणू त्यात असतात. तुमच्या अहवालातला तिहेरी रेझिस्टन्स बघता पहिली शंका तिथेच घ्यावी लागते. युरोपीय संघात प्रक्रिया केलेल्या प्राणिज प्रथिनांसाठी निकष असा आहे: पाच नमुन्यांपैकी एकाही २५ ग्रॅममध्ये साल्मोनेला नको, आणि एन्टेरोबॅक्टेरिएसी (साल्मोनेला, ई. कोलाय ज्या कुळातले ते जिवाणू) ग्रॅमला ३०० च्या वर एकाही नमुन्यात नको. तुमच्या पुरवठादाराकडे हा निकष मागून बघा.

माझे मत स्पष्ट आहे. मॅश बनवणाऱ्या, बॉयलर नसलेल्या प्लांटमध्ये मीट बोन मील वापरू नये. ३ टक्के काढल्यावर प्रथिनांची भर सोया डीओसीने आणि फॉस्फरसची भर डीसीपी (डायकॅल्शियम फॉस्फेट) व फायटेज या एन्झाइमने होते. लायसिन, मिथिओनिनचा हिशेब न्यूट्रिशनिस्टकडून पुन्हा करून घ्या. टनामागे खर्च थोडा वाढेल.

सोया डीओसी कारखान्यातून निघताना उष्णतेमुळे बऱ्यापैकी स्वच्छ असते, पण तिथल्या कूलरमध्ये आणि गोदामात पुन्हा दूषित होऊ शकते. मक्यात साल्मोनेला क्वचित असतो. मक्याचा प्रश्न ओलाव्याचा आहे: खरिपाचा मका ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये बाजारात येतो तेव्हा ओलावा १८ ते २० टक्क्यांपर्यंत असू शकतो. १४ टक्क्यांच्या वरचा मका उतरवून घेऊ नका, आणि साठवायचा असेल तर १२ टक्क्यांपर्यंत वाळवा. बारदान हा सर्वांत दुर्लक्षित रस्ता आहे. शेडवरून परत आलेल्या रिकाम्या गोण्या प्लांटमध्ये भरायला वापरल्या की शेडमधली विष्ठा थेट मिक्सरखाली येते. शेडच्या गोण्या शेडवरच राहू द्या.

पाणी

कोरड्या खाद्यात साल्मोनेला वाढत नाही. मग नमुन्यात इतका सहज सापडावा एवढा कुठे वाढला? उत्तर जवळजवळ नेहमी ओल्या जागेत मिळते. पत्र्याच्या सायलोत दिवसा तापलेली हवा रात्री थंड होते, आतल्या बाजूला पाणी धरते आणि वरच्या थरात गुठळ्या होतात. हॅमर मिलमधून निघालेले भरड कोमट असते. ते लगेच प्लॅस्टिकच्या गोणीत भरून शिवले की गोणी आतून घामेजते. एलिव्हेटरचा पिट जमिनीखाली असतो आणि पावसाळ्यात त्यात ओल झिरपते. तिथे खाद्याचा जो काळा, आंबूस थर जमतो तो जिवाणूंचे बियाणे आहे. प्रत्येक बॅच त्याच्या अंगावरून जाते. शेडमध्ये गळक्या निपलखाली (पिण्याच्या तोटीखाली) ओले झालेले फीडरमधले खाद्य ही चौथी जागा.

म्हणून पहिल्या आठवड्यात बाकी काही न करता एवढे करा. प्लांट बंद ठेवून पिट, एलिव्हेटरचा बूट, मिक्सरचे झाकण, स्क्रूचा शेवटचा हात आणि सायलोचे तोंड उघडा. खरवडा, ब्रश मारा आणि व्हॅक्यूमने धूळ ओढून घ्या. कॉम्प्रेसरने हवा मारू नका. धूळ उडून वरच्या पत्र्यावर बसते आणि नंतर तयार खाद्यात पडते. पाण्याने तर मुळीच धुऊ नका. अगदी धुवावेच लागले तर जंतुनाशक वापरून नंतर पूर्ण सुकेपर्यंत, किमान एक दिवस, मशीन चालवू नका. खरवडलेला माल पक्ष्यांना न देता पुरून टाका. मग ॲसिड लावलेला शंभर किलो मका लाइनमधून फिरवून बाहेर काढा. पिटाला खालून ओल येत असेल तर काँक्रीटचे काम करून घ्या. दरवर्षीच्या औषधांपेक्षा ते स्वस्त पडते.

तयार खाद्याचा ओलावा ११ टक्क्यांच्या आत ठेवा, भारतीय मानक आयएस १३७४ हीच मर्यादा सांगते. प्रत्येक कोंबडी दिवसाला सुमारे ११० ग्रॅम खाते, म्हणजे तुमचा रोजचा खप ११०० किलो आहे. पावसाळ्यात एका वेळी तीन-चार दिवसांपेक्षा जास्त खाद्य बनवू नका.

उंदरांबद्दल एवढेच सांगतो की संसर्ग झालेल्या उंदराच्या एका लेंडीत साल्मोनेलाची संख्या लाखाच्या घरात असू शकते. थप्पी भिंतीपासून दीड फूट दूर आणि लाकडी पॅलेटवर ठेवा. ६ मिलिमीटरपेक्षा मोठी फट बुजवा आणि कबुतरे येतात त्या झरोक्याला जाळी लावा.

ॲसिड, आणि मार्बलची अडचण

बॉयलर नसलेल्या प्लांटला जिवाणू मारण्यासाठी हाताशी असलेले साधन म्हणजे सेंद्रिय आम्ले: फॉर्मिक आणि प्रोपिऑनिक, किंवा त्यांचे क्षार. फॉर्मिक जिवाणूंवर जास्त चालते आणि प्रोपिऑनिक बुरशीवर. ही आम्ले अविघटित रूपात जिवाणूच्या आत शिरतात, आत गेल्यावर विघटित होतात आणि आतला पीएच खाली आणतात. तो पीएच सावरण्यात जिवाणूची शक्ती संपते. खाद्यासाठी साधारण मात्रा टनाला ३ ते ५ किलो असते; उत्पादनाची तीव्रता बघून लेबलप्रमाणे ठरवा.

लेअरच्या खाद्यात हे सगळे मार्बलमुळे वाया जाऊ शकते. एक किलो फॉर्मिक ॲसिड संपवायला फक्त १.१ किलो कॅल्शियम कार्बोनेट पुरते, आणि तुमच्या टनात ते ९० ते १०० किलो आहे. ॲसिड आणि मार्बलचा भुगा एकाच वेळी मिक्सरमध्ये टाकले की ॲसिड जिवाणूपर्यंत पोचण्याआधीच मार्बलला लागते. म्हणून ॲसिड सोया डीओसी आणि ब्रानवर आधी फवारा. दोन घटक मिक्सरमध्ये पाच मिनिटे फिरवा, वेगळे ठेवा आणि किमान २४ तास, जमल्यास ४८ तास थांबा. कोरड्या मालात आम्लाचे काम सावकाश चालते, ते तासाभरात होत नाही. मग मका, प्रीमिक्स आणि शेवटी मार्बल घाला. मार्बल शक्य तितके भरड घ्या. भुग्यापेक्षा खडी आम्ल कमी खाते, आणि अंड्याच्या कवचालाही तीच चांगली.

८५ टक्के फॉर्मिकने कातडी आणि डोळे जळतात. रबरी हातमोजे, गॉगल आणि मोकळी हवा हवीच. पातळ करायचे असेल तर पाण्यात ॲसिड ओता, ॲसिडमध्ये पाणी नाही. पंप आणि नोझल प्लॅस्टिकचे किंवा स्टेनलेसचे घ्या, साधा पत्रा गंजतो. फॉर्मॅलिनचा सल्ला कोणी दिला तर घेऊ नका. ते साल्मोनेला मारते हे खरे, पण माणसात कर्करोग करणारे रसायन म्हणून ते सिद्ध झाले आहे, ते खाद्यातले लायसिन बांधून टाकते, आणि युरोपीय संघाने खाद्यात वापरण्याची परवानगी २०१८ मध्ये नाकारली. मोरचूद (तांब्याचा क्षार) जास्त टाकणेही टाळा. तांब्याला सरावण्याचे जनुक आणि अँटिबायोटिकला सरावण्याचे जनुक कित्येकदा एकाच प्लाझमिडवर असतात, म्हणजे औषध बंद करूनही तांबे रेझिस्टन्स टिकवून धरते.

पुढे बॉयलर आणि कंडिशनर (खाद्याला वाफ देणारे यंत्र) बसवायचा विचार असेल तर नुसते तापमान बघू नका. कोरड्या उष्णतेत साल्मोनेला चिवट होतो, त्यामुळे खाद्य उन्हात पसरून काहीच साधत नाही. वाफेने ओलावा १५-१६ टक्क्यांपर्यंत नेऊन ८५ अंशांवर काही मिनिटे माल धरला तर संख्या हजारपट किंवा जास्त घटते. तीस सेकंदांच्या कंडिशनरमधून तेवढी घट मिळत नाही. ८० अंशांच्या पुढे साधे फायटेज आणि काही जीवनसत्त्वे मरतात, तेव्हा कोटिंग केलेले एन्झाइम घ्या. आणि खरा घात कूलरमध्ये होतो. गरम, ओलसर खाद्य थंड करायला प्लांटचीच धुळकट हवा आत ओढली जाते. कूलरची हवा बाहेरच्या स्वच्छ बाजूने, फिल्टरमधून घ्या. उष्णतेचा परिणाम फक्त त्या क्षणापुरता असतो, पुढे खाद्याला संरक्षण नसते.

नमुना

एका नमुन्यावर 'नाही' असा निकाल आला म्हणून निर्धास्त होऊ नका. हिशेब करून बघा. खाद्यात सरासरी १०० ग्रॅममागे एक साल्मोनेला पेशी आहे, आणि ती सारखी पसरलेली आहे असे मानू. २५ ग्रॅमच्या एका नमुन्यात ती सापडण्याची शक्यता सुमारे २२ टक्के आहे. असे दहा नमुने स्वतंत्रपणे तपासले तर ती ९२ टक्क्यांपर्यंत जाते. तेच खाद्य दहा हजार कोंबड्या खातात तेव्हा रोज सुमारे अकरा हजार पेशी कळपात जातात. प्रत्यक्षात जिवाणू गुठळ्यांत असतात, त्यामुळे एका नमुन्यातून ते निसटणे आणखी सोपे होते.

म्हणून धूळ तपासा. मिक्सरच्या झाकणाखालची, एलिव्हेटरच्या डोक्याकडची आणि सायलोच्या तोंडाची धूळ अनेक बॅचचा साठा असते आणि खाद्यापेक्षा जास्त सांगते. ज्वालेवर तापवून थंड केलेला चमचा आणि निर्जंतुक पिशवी वापरा. प्रत्येक जागेचा नमुना वेगळा ठेवा, सगळे एकात मिसळू नका. मिसळले तर जागा कळत नाही. कच्च्या मालाचे, मिक्सरखालचे आणि शेडमधल्या शेवटच्या फीडरमधले खाद्य वेगवेगळे घ्या. कोरडा नमुना साध्या तापमानात चालतो, पण दोन दिवसांच्या आत पोचवा. खाद्यात ॲसिड असेल तर अर्जावर तसे लिहा. प्रयोगशाळेतल्या पहिल्या ब्रॉथमध्येही ते ॲसिड काम करत राहते आणि जिवंत साल्मोनेला झाकला जातो. तिथे ब्रॉथचा पीएच तपासून सुधारावा लागतो. सोबत एन्टेरोबॅक्टेरिएसीची मोजणी सांगा. ती स्वस्त आहे, लवकर मिळते आणि सफाई सुधारते आहे की बिघडते आहे हे साल्मोनेलाच्या 'आहे-नाही'पेक्षा आधी दाखवते.

पक्षी खरोखर आजारी असतील तर

तेव्हा औषध द्यावेच लागते. पण आधी शवविच्छेदन, पक्ष्याच्या यकृतातून कल्चर, आणि पशुवैद्यकाच्या चिठ्ठीने एकच औषध. ते खाद्यातून नव्हे, पाण्यातून द्या. आजारी पक्षी खाणे आधी सोडतो, पिणे नंतर. पाण्यातली मात्रा वजनावर नेमकी ठरवता येते, पाचव्या दिवशी पूर्ण थांबवता येते आणि मिक्सर बाटत नाही. अंड्याचा बलक दहा-बारा दिवस बनत असतो, त्यामुळे एन्रो किंवा डॉक्सीचे (डॉक्सीसायक्लीनचे) अंश औषध थांबल्यावरही अंड्यात येत राहतात. औषध नियमांतला नियम ९७ सांगतो की लेबलवर वेगळा प्रतीक्षाकाळ दिलेला नसेल तर अंड्यासाठी किमान ७ दिवस आणि मांसासाठी किमान २८ दिवस थांबा. बलकाचा हिशेब बघता अंड्यासाठी सात दिवस पुरेसे मानू नका. १ एप्रिल २०२५ पासून एफएसएसएआयचे अंशांबाबतचे नियमही कडक झाले आहेत. अमेरिकेत पोल्ट्रीसाठी एन्रोफ्लॉक्सासिन २००५ मध्येच बंद झाले. कोंबडीतल्या कॅम्पिलोबॅक्टरचा रेझिस्टन्स माणसात पोचतो, हे त्यामागचे कारण होते.

औषध काढल्यावर उत्पादन घटेल ही भीती खरी आहे, पण ती मोजून बघा. वाढीसाठीची अँटिबायोटिके डेन्मार्कने नव्वदच्या दशकाच्या अखेरीस आणि युरोपीय संघाने १ जानेवारी २००६ पासून बंद केली. डेन्मार्कमध्ये ब्रॉयलरच्या खाद्य-रूपांतरात फरक अगदी थोडा पडला. ज्या फार्मवर ओल, लिटर आणि पाणी सांभाळलेले नसते तिथे मात्र क्लोस्ट्रिडियम डोके वर काढतो. म्हणून आधी पिट आणि निपल दुरुस्त करा, मग बीएमडी एका शेडमधून काढा, सहा आठवडे उत्पादन आणि मरतूक लिहा, आणि मग दुसऱ्या शेडकडे जा.

सफाई आणि मीट मील बंद केल्यानंतर दर दोन आठवड्यांनी त्याच जागांची धूळ तपासा, आणि मिळालेल्या प्रत्येक साल्मोनेलाचा सेरोव्हार व रेझिस्टन्सचा नमुना एका वहीत ओळीने लिहा. तोच सेरोव्हार, तोच नमुना पुन्हा पुन्हा आला तर तो तुमच्या प्लांटमध्येच घर करून आहे: पिट, कन्व्हेयर, उंदीर यांच्याकडे परत जा. दर वेळी वेगळा निघाला तर तो कच्च्या मालाबरोबर ट्रकमधून येतो आहे. मग तपासणी मिक्सरवर नको, गेटवर करा. उतरवण्याआधी प्रत्येक लॉटचा नमुना काढा आणि पुरवठादाराचे नाव त्याच ओळीत लिहा.